एकटीनं उडायचं होतं

मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून पोट भरलं. फौजेत सिग्नलला, म्हणजे रेडिओवर होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो, उंब्रजला घरी आलो आणि दोन वर्षं ओसरीवर बसून आल्यागेल्याला अक्कल शिकवत राहिलो. बायको कंटाळली. कराडच्या बाजूला धावपट्टीवर विमान शिकवायची एक खासगी शाळा निघाली आहे आणि तिथं रेडिओवर बसायला माणूस पाहिजे, ही बातमी तिनंच आणली. दुसऱ्या दिवशी डबा भरून माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. असा मी तिथं लागलो. माझं नाव आप्पासो, पण पोरं काकाच म्हणतात.

माझी खोली पट्टीच्या कडेला आहे. वर गेलेली पोरं कुठं आहेत, किती उंचीवर आहेत, उतरायला कधी येणार, हे मला रेडिओवर सांगतात. मी त्यांना वारा सांगतो आणि पट्टी मोकळी आहे की नाही ते सांगतो. पट्टी मोकळी नसली तर त्याचं कारण बहुतेक वेळा चार पायांचं असतं. मग आमचा शिपाई काठी घेऊन पळतो आणि विमान वर घिरट्या घालतं.

या शाळेतल्या क्रांती मॅडमविषयी मला सांगायचं आहे. वय चाळिशीला टेकलेलं, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. गाव रहिमतपूरच्या अलीकडं, कोरेगाव तालुक्यात. घरचा ऊस आहे आणि वडील नाथाजी हे फौजेतले सुभेदार. पोरीनं विमान शिकायचं म्हटल्यावर सगळ्या भावकीनं नाकं मुरडली, पण नाथाजींनी कुणाला जुमानलं नाही. तिला लायसन्स मिळालं त्याच वर्षी नेमकी विमान कंपन्यांनी भरती बंद केली. तोपर्यंत शिकवू म्हणून ती मास्तरीण झाली. त्या ‘तोपर्यंत’मध्ये माणसाची निम्मी उमर कधी जाते ते कळत नाही. तिच्याबरोबरची पोरं आज मोठाली विमानं घेऊन दुबई-सिंगापूर करतात, आणि ही सकाळी सहाला स्कूटीवरून धावपट्टीवर येते.

ती चांगली मास्तरीण आहे हे मला तिच्या हातांवरून कळलं. एकदा मला मागच्या सीटवर बसवून तिनं वर नेलं होतं. डावीकडं शिकणारा, उजवीकडं ती. दोघांपुढंही सुकाणू असतं, म्हणजे तिनं मनात आणलं तर केव्हाही विमान आपल्या हातात घ्यावं. पण तिचे हात मांडीवर. विमान हेलपाटलं, मी पुढची खुर्ची घट्ट धरली, पुढच्या पोराचा कान घामानं ओला झाला, तरी बाईचे हात मांडीवरच. मी नीट बघितलं तेव्हा दिसलं की बोटं तयार आहेत. लवकर धरलं तर पोरगं शिकत नाही आणि उशिरा धरलं तर कुणीच काही शिकत नाही. या दोन्हीच्या मधे जी थोडी जागा असते, तिथं ती इतकी वर्षं बसलेली आहे.

हाताचं काम ती तोंडानं करते. पोरगं नवीन असलं की तिचं बोलणं हलक्या आवाजात अखंड चालू असतं. नाक थोडं खाली, डोळे बाहेर, घाई नाही, तो ढग बघ, वारा उजवीकडून येतोय. जसजसं पोरगं शिकतं तसतशी ती बोलायची कमी होते. शेवटी एक दिवस ती सबंध फेरीत एक शब्द बोलत नाही. हे सगळ्या पोरांना ठाऊक असतं. मॅडम गप्प बसल्या की पोरं ओळखतात, आता आपल्याला एकटं सोडणार.

पोरं म्हणाल तर एकासारखं एक नसतं. जयराज नावाचा कृष्णाकाठचा एक गडी होता. घरी ऊस, दारात दोन ट्रॅक्टर, मनगट म्हणजे झाडाचं खोड. ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांना ब्रेक वेगवेगळे असतात. बांधाशी आलं की एका बाजूचा ब्रेक दाबायचा, की ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो. आता विमानालाही ब्रेक तसेच वेगळे असतात. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात पट्टीच्या टोकाला गेल्यावर या पठ्ठ्यानं सगळा जोर देऊन एक ब्रेक दाबला आणि नांगर वळवावा तसं विमान वळवलं. टायर घासलं, शेपूट गरकन फिरलं, मी खिडकीत उभा राहिलो. दुसरा मास्तर असता तर त्यानं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. क्रांती मॅडमनी इंजिन बंद करायला लावलं आणि त्याला खाली उतरवलं.

‘‘पंखाखालच्या दांड्याला धर आणि ढकल,’’ ती म्हणाली.

‘‘एकटा?’’

‘‘एका हातानं.’’

जयराजनं ढकललं आणि विमान मुकाट्यानं चाललं. तो स्वतःच्या हाताकडं बघत राहिला.

‘‘बघितलंस किती हलकं हाय? ह्याला माती वढायची न्हाई. ह्याच्यावर जोर करू नको.’’

त्या दिवसानंतर जयराज विमानाला बायकोसारखा जपायला लागला, आणि त्याचं लग्न झाल्यावर बायकोची तक्रार आली की तिला तो विमानासारखं जपत नाही.

शंभूराज होता कराडच्या एका डॉक्टरचा मुलगा. त्यानं घरी संगणकावर विमानं उडवून उडवून डोळ्यांना चष्मा लावून घेतला होता. त्याला सगळं पाठ. पण नजर कायम समोरच्या काट्यांवर, बाहेर आभाळ आहे हे त्याच्या गावीही नाही. मॅडमनी आपल्या डब्याचं फडकं काढलं आणि सगळ्या काट्यांवर टाकलं. ‘‘आता काय बघशील? सदाशिवगड दिसतोय का? मग त्याच्या माथ्याशी नाक धर.’’ पोरगं रडकुंडीला आलं, पण उडवायला शिकलं. फडक्याला लोणच्याचा वास येत होता अशी तक्रार त्यानं माझ्याकडं केली.

प्रांजल सांगलीची. हुशार, पण अतिशय भित्री, आणि उठता बसता सॉरी. विमान जरा जोरात टेकलं की ती मॅडमना सॉरी म्हणायची, मला रेडिओवर सॉरी म्हणायची, आणि उतरल्यावर चाकापाशी वाकून विमानालाही म्हणायची. मॅडमनी तिला सांगितलं, ‘‘झालं त्याच्याबद्दल बोलायचं न्हाई. आता पुढं काय करणार तेवढंच बोल.’’ या एका वाक्यावर त्यांनी चार महिने काढले.

आणि बिराप्पा. हा जतकडच्या कोरड्या रानातला, घरी मेंढरं. शिष्यवृत्तीवर आला होता. उडवायचा फार सुंदर, पण तोंड उघडायचा नाही. दिवस दिवस मेंढरांमागं एकटा हिंडलेला माणूस, बोलणार कुणाशी? वर गेला की गप्प. कुठं आहेस विचारलं तर बऱ्याच वेळानं एक शब्द यायचा. मी वैतागून मॅडमकडं तक्रार नेली की या पोराचं मला काही कळत नाही, माझा रक्तदाब वाढतो. दुसऱ्या दिवशी त्या बिराप्पाला माझ्या खुर्चीत बसवून स्वतः जयराजला घेऊन वर गेल्या. आणि वर गेल्यावर दोघंही गप्प बसली. बिराप्पा बराच वेळ थांबला, मग त्यानं हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. मग तो उठून खिडकीशी गेला, परत आला.

‘‘काका, मॅडम कुठं हायत? बोलत का न्हाईत?’’

‘‘मला काय ठावं?’’ मी म्हणालो. मला सगळं ठाऊक होतं.

विमान उतरलं तेव्हा पोराचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडम त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘काकांना रोज असं वाटतं.’’ त्यानंतर बिराप्पा वेळच्या वेळी बोलायला लागला. त्याला शिकवायचं ते एका वाक्यातच, बाकीचं त्याच्यावर सोडायचं. प्रांजलला तेच असं सोडलं असतं तर ती घरी निघून गेली असती.

पोराला पहिल्यांदा एकटं सोडायची एक रीत आहे. विमान चालू असतानाच मास्तरानं उतरायचं. मॅडम एकदोन फेऱ्या गप्प बसून होतात, मग पट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगतात, हेडफोन काढतात, आपला पट्टा खुर्चीवर नीट बांधून ठेवतात आणि दार लावून चालायला लागतात. पोराला काहीही उपदेश करत नाहीत. मग गवतात उभ्या राहून मान वर करून बघत राहतात. पोरगं एक फेरी मारून उतरलं की बाकीची पोरं बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर ओततात, विमानाच्या नाकापाशी नारळ फुटतो, पेढे येतात, आईवडलांना फोन जातो. या सगळ्या गडबडीत गवतातून चालत येणाऱ्या बाईकडं कुणाचंच लक्ष नसतं. माझं असायचं. पोरगं सुखरूप उतरल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर असायचाच, पण आणखीही काहीतरी असायचं, आणि ते काय हे मला पुष्कळ दिवस उमगलं नाही.

ते उमगलं तिच्या वडलांमुळं. नाथाजी सुभेदार एकदा कुठल्याशा लग्नाला कराडला आले होते, ते पोरीची नोकरी बघायला धावपट्टीवर आले. ताठ म्हातारा, फेटा बांधलेला, मिशीला पीळ. सकाळभर माझ्या खोलीत बसून त्यांनी विमानं बघितली. दुपारी क्रांती आत आली तसे म्हणाले,

‘‘त्यो पोरगा चालवत हुता न्हवं?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन त्याच्या आदी ती पोरगी?’’

‘‘व्हय, अण्णा.’’

‘‘मग तू काय करत हुतीस?’’

‘‘बसले हुते. शिकवत हुते.’’

‘‘ते झालं. पर तू चालवतीस कवा?’’

म्हाताऱ्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. क्रांती हसली, चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. म्हातारा गेल्यावर ती माझ्यापाशी बोलली. हजारो तास झाले काका, ती म्हणाली, पण मी उडवतच नाही. उडवतात ती पोरं. मी त्यांच्या चुकांची वाट बघत बसते. आभाळाकडं बघायचं तर पोराच्या हाताकडं कोण बघणार? शिकत असताना एकटी पुष्कळ उडाले, पण तेव्हा डोक्यात परीक्षा होती. मास्तरीण झाल्यापासून आजवर एकदाही एकटी वर गेले नाही.

‘‘मग जा की,’’ मी म्हणालो. ‘‘शाळंची दोन इमानं हायत.’’

‘‘मालकांचा नियम हाय. मास्तर वर गेला की शेजारी शिकणारा पायजेच.’’ मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘‘एकदाच, काका. शेजारी कुणी नको. कुणाशी बोलायचं नको. नुसतं जायचं न् यायचं. तेवढं मिळालं तर मला दुसरं काय नको बघा.’’

माझी थोरली लेक मुंबईला असते, तीही कधी कधी फोनवर अशाच आवाजात बोलते. मला वाईट वाटलं. त्या दिवसापासून क्रांतीचं एकटीचं उडणं हे माझंही काम होऊन बसलं.

एक संधी आली होती. शाळेनं आणखी एक विमान घेतलं, ते बाहेरगावाहून इथं उडवत आणायचं होतं आणि शाळेचे मुख्य मास्तर, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, त्यांनी ते काम क्रांतीला दिलं. जाताना मोटारीनं, येताना एकटी. आदल्या दिवशी तिनं केस धुतले, डोळ्यांत चमक होती, आणि मी तिला चिडवलं की पोरी, तू आज नवरीसारखी दिसतीस. निघायच्या वेळी प्रांजल विमानं ठेवायच्या हँगरच्या मागं बसून रडताना सापडली. दोनदा एकटं सोडायची वेळ येऊन तिनंच कच खाल्ली होती आणि आता तिनं बॅग भरली होती. सांगलीची एसटी दुपारची होती. मॅडम तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नको, पोरी, आज नको. पण क्रांतीनं मोटारीचं मागचं दार उघडलं आणि तिला म्हणाली, ‘‘बस. येताना तू आणायचंस.’’

विमान प्रांजलनं आणलं. उतरल्यावर रेडिओवर ती सॉरी म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात ती एकटी उडाली, तिच्यावर बादली पडली, आणि आज ती एका मोठ्या कंपनीत आहे. मी त्या दिवशी क्रांतीशी धड बोललो नाही. मला राग आला होता. चांगला मास्तर असावा, पण माणसानं स्वतःचं इतकं वाटून टाकू नये, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पुन्हा संधी यायला पुढचा हिवाळा उजाडला. जुन्या विमानाच्या इंजिनाचं मोठं काम निघालं. असं काम झाल्यावर विमान एकदा तपासायला वर न्यावं लागतं, आणि त्या वेळी शिकणाऱ्याला बरोबर न्यायचं नसतं. ते नेहमी मोठे सर करत. नेमकी सरांची कंबर धरली आणि ते पुण्याला इस्पितळात पडले. मालकांनी फोन करून क्रांतीला सांगितलं की तूच ने, एकटी ने, तासभर फिरवून आण.

तिनं आदल्या संध्याकाळीच वडलांना फोन केला. नाथाजी पहिल्या एसटीनं येऊन हजर झाले, इस्त्रीचं धोतर नेसून. पोरं तर आधीच जमली होती. त्यांना कुठून कळलं कोण जाणे, पण मॅडम एकट्या उडणार म्हणून जयराजसुद्धा दाढी करून आला. दुसरं कुठलंच विमान त्या दिवशी वर जाणार नव्हतं. म्हणजे सगळं आभाळ तिचं.

ती विमानाकडं चालत गेली आणि सवयीनं उजव्या दाराशी जाऊन उभी राहिली. मग हसली आणि वळसा घालून डावीकडं गेली. एकटं उडवायचं तर शिकणाऱ्याच्या जागी बसावं लागतं. रिकामी राहिली ती तिची स्वतःची खुर्ची. मी वारा सांगितला, पट्टी मोकळी आहे सांगितलं, आणि ती गेली. ऊसतोडीचे दिवस होते, हवा गार आणि स्वच्छ होती. नाथाजी फेटा सावरून खिडकीत उभे राहिले, विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

‘‘एकटीच हाय न्हवं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘एकटीच,’’ मी म्हणालो. मला कमालीचं बरं वाटत होतं.

मसूरच्या पुढं गेल्यावर ती कुठं आहे ते सांगायला रेडिओवर आली, आणि सांगून झाल्यावर तिच्याकडचा रेडिओ बंदच झाला नाही. डावीकडच्या सुकाणूवरचं बोलायचं बटण पोरांच्या अंगठ्यांनी झिजलेलं होतं, ते दाबलं ते वर आलंच नाही. फौजेत हे पुष्कळदा बघितलं होतं. एकाचं बटण अडकलं की तो बोलेल ते सगळ्यांना ऐकू जातं, पण आपलं त्याच्यापर्यंत काही जात नाही. मी दोनदा हाक मारून बघितली. मग सोडून दिलं, कारण बाई हुशार आहे, बघून उतरेल. आता इंजिनाची घरघर ऐकू येणार, एवढंच मला वाटलं.

घरघर होतीच. त्या घरघरीवर क्रांतीचा आवाज होता. हलका, सावकाश.

‘‘हां. नाक थोडं खाली. घाई न्हाई. डोळे बाहेर.’’

मी नाथाजींकडं बघितलं. पोरं दारातून आत सरकली.

‘‘पाय हलका ठेव, जयराज. असं. ह्याला कळतंय सगळं, जोर नको. आता डावीकडं वळायचं, तर आधी डावीकडं बघायचं. बघितलंस? मग वळ.’’

जयराज माझ्या टेबलाला धरून उभा होता. त्याचे कान लाल झाले.

‘‘काट्यावर काय ठेवलंय, शंभू? बाहेर बघ. केवढं उघडलंय आज. तिकडं पार चंदन-वंदनचा गड दिसतोय. असा दिवस सारखा येत न्हाई. हां, जरा वारा हाय, घाबरू नको, प्रांजल. आता पुढं काय करणार ते सांग.’’

आणि मग ती थांबली. खरंच थांबली, कुणीतरी उत्तर देणार असल्यासारखी. रेडिओत नुसतं इंजिन ऐकू येत होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या पोरांचीही नावं पुढं आली, मला माहीत नसलेली. एखाद्याला ती शाबास म्हणायची, एखाद्यावर जरा आवाज चढवायची. मधे एकदा ती एकदम गप्प झाली, आणि मला वाटलं की आता तिच्या ध्यानात आलं, आता तरी ती एकटी होईल. मी मनोमन देवाला म्हणालो की एवढा वेळ तिला राहू दे.

‘‘हे बघ,’’ आवाज परत आला. ‘‘ते खाली रहिमतपूर. त्याच्या अलीकडं ओढा, आणि त्याला लागून आमचं रान. विहिरीजवळ आंबा हाय बघ. अण्णांनी लावलाय. आज ते तिथं न्हाईत, मला बघायला आलेत. सावकाश वळ, मला नीट बघू दे.’’

नाथाजी रेडिओकडं झुकले. ‘‘शेजारी कोन हाय?’’

‘‘कुनी न्हाई, सुभेदार.’’

‘‘मग कुनाला सांगती ही?’’

बिराप्पा दाराला टेकून खाली बघत होता. न बोलणारा पोरगा, तोच बोलला. ‘‘आमास्नी,’’ तो म्हणाला.

ती उतरली तेव्हा विमान जरा आपटलं. तिच्या हाताला डाव्या बाजूची सवय राहिली नव्हती. पोरांनी पाण्याची बादली भरून ठेवली होती, पण कुणी ती उचलली नाही. ती आत आली, आमची तोंडं बघितली आणि रेडिओकडं बघितलं. मी म्हणालो की बटण अडकलं होतं.

‘‘कुठपास्नं?’’

‘‘मसूरपास्नं.’’

तिनं डोळे मिटून घेतले. पोरं एकेक करून बाहेर गेली. नाथाजी तिच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. ‘‘आंबा दिसला व्हय तुला?’’ एवढंच त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

‘‘मला वाटलं, तू गप बसशील,’’ मी म्हणालो. ‘‘एवढं मागून घेतलंस. एवढी वर्सं.’’

‘‘मी गप बसायचं ठरवूनच गेले हुते, काका.’’ तिनं हेडफोन मांडीवर घेतला आणि त्याची वायर हळूहळू गुंडाळत राहिली. ‘‘पोरांना एकटं सोडायचं म्हंजे काय, मी उतरायचं. मला एकटं सोडायचं तर त्यांनी उतराय पायजे. ती उतरतच न्हाईत.’’